छातीच्या आणि झोपेच्या टीममध्ये फार्मासिस्टचं नेमकं काम काय?

प्रश्न थोडक्यात असा होता: फार्मसीचं शिक्षण नुकतंच संपलंय, छाती आणि झोपेच्या आजारांच्या विभागात नेमणूक झालीये, तिथे डॉक्टर, नर्स, फिजिओ, स्लीप स्टडी करणारे टेक्निशियन सगळे आहेत आणि प्रत्येकाचं काम ठरलेलं आहे, मग मी करायचं काय, चिठ्ठीवरची औषधं मोजून द्यायची एवढंच?

माझी वीसेक वर्षं याच कामात गेलीत, त्यामुळे उत्तर लांबणार हे आधीच सांगून ठेवते.

एका पेशंटपासून सुरुवात करते. साठीतले गृहस्थ, सीओपीडी म्हणजे श्वासाच्या नळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, श्वासातून औषध ओढायचा पंप चालू, शिवाय बऱ्याच वर्षांपासून त्या नळ्या मोकळ्या करणारी थिओफायलिनची गोळी. चाळीस वर्षांची सिगरेट त्यांनी एका झटक्यात सोडली, अख्ख्या टीमने कौतुक केलं, मीही केलं. पुढच्या महिन्यात आले ते पार वैतागून. झोप साफ उडालेली, छातीत धडधड, मळमळ, हात थरथरतायत. सगळे म्हणाले सिगरेट सोडली की असं होतंच, होईल हळूहळू कमी. झोपेच्या ओपीडीत पाठवलं तर तिथे झोपेची गोळी लिहायची तयारी झालेली.

आता बघा, सिगरेटच्या धुरातले काही घटक लिव्हरमधलं सीवायपी१ए२ नावाचं एन्झाइम वाढवून ठेवतात आणि थिओफायलिन शरीरातून बाहेर काढायचं काम मुख्यतः हेच एन्झाइम करतं, म्हणजे ओढणाऱ्या माणसाला जास्त डोस लागतो आणि तो डोस त्याला बरोबर बसलेला असतो. सिगरेट थांबली की साधारण आठवड्याभरात एन्झाइम खाली येतं, गोळी तीच, डोस तोच, पण रक्तातली पातळी वर चढते. निकोटिनचा यात काही हात नाही, सगळा खेळ धुराचा, त्यामुळे निकोटिनचा पॅच लावला म्हणून माणूस वाचत नाही. डोस साधारण पाव ते एक तृतीयांश कमी करून पातळी बघावी लागते आणि हे सिगरेट सोडायच्या दिवशीच ठरवायचं असतं, महिन्याने नाही. त्यात कॉफीचं कॅफिनही याच वाटेने बाहेर पडतं, म्हणजे रोजचेच कप आता दुप्पट जोराने लागतात. आमच्या गृहस्थांची पातळी मागवली तर २० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर निघाली, डॉक्टरांनी डोस उतरवला, दुपारनंतरची कॉफी बंद करायला सांगितली आणि झोप आपोआप परत आली. ती झोपेची गोळी सुरू झाली असती तर आधीच कार्बन डायऑक्साइड साठवणाऱ्या माणसाचा रात्रीचा श्वास आणखी मंदावला असता.

यात माझी फार हुशारी होती असं नाही. माझ्यासमोर त्यांची औषधांची पिशवी उघडी होती, इतकंच.

आणि माझ्या मते तुमच्या कामाचं मूळ तिथेच आहे. छातीचे डॉक्टर दिवसाचा श्वास बघतात, झोपेचे डॉक्टर रात्रीचा, हृदयाचे वेगळे, डोळ्यांचे वेगळे, मानसोपचारवाले वेगळे, प्रत्येकाचा कागद वेगळा, पण औषधं सगळी एकाच पिशवीत आणि एकाच माणसाच्या पोटात जातात. ती अख्खी पिशवी बघणारा टीममध्ये एकच माणूस असतो, तो म्हणजे तुम्ही. म्हणून पहिल्या भेटीला निरोप द्यायचा की घरातलं सगळं आणा, गोळ्या, पंप, डोळ्यांचे थेंब, नाकाचे स्प्रे, खोकल्याचं सिरप, दुखण्याच्या गोळ्या, ताकदीच्या पावडरी, शेजाऱ्याने दिलेली झोपेची गोळीसुद्धा. यादी सांगा म्हटलं तर लोक अर्धीच सांगतात. लपवायचं म्हणून नाही हो, त्यांच्या लेखी थेंब म्हणजे औषधच नसतं.

थेंबांवरून आठवलं. काचबिंदूसाठी टिमोलॉलचे थेंब देतात, तो बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंद करणाऱ्या औषधांच्या जातीचा आहे, डोळ्यातून नाकाच्या वाटेने रक्तात जातो आणि दम्याच्या माणसाची छाती आवळू शकतो. मी असे पेशंट बघितलेत ज्यांचा दम्याचा डोस दोनदा वाढवून झाला होता आणि खरं कारण एका छोट्या बाटलीत होतं. इथे आपण थेंब बंद करायचे नाहीत बरं का, काचबिंदूने नजर जाते, डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करून दुसऱ्या जातीचा थेंब चालेल का ते विचारायचं. उलट बाजूही लक्षात ठेवा, सीओपीडीच्या पेशंटला हृदयासाठी निवडक प्रकारचा बीटा ब्लॉकर दिलेला दिसला की लगेच लाल पेन काढायचं नाही, मेटोप्रोलॉल किंवा बिसोप्रोलॉल बहुतेकांना नीट चालतं आणि हृदयासाठी गरजेचं असतं. नवीन मुलं पुस्तकात वाचून आलेली असतात, सगळ्या बीटा ब्लॉकरवर फुली मारत सुटतात, मीही मारायचे.

दुखण्याच्या गोळ्यांचंही तसंच. दमा असलेल्या मोठ्या माणसांपैकी साधारण ७ टक्के लोकांना ॲस्पिरिन आणि त्याच जातीच्या गोळ्यांनी दमा उसळतो, नाकात पॉलिप असतील, वास येत नसेल तर शंका जास्त. सरसकट सगळ्यांना बंदी नको, पण 'अशी गोळी घेतल्यावर कधी धाप लागली होती का' हा एक प्रश्न प्रत्येकाला विचारायचाच. महिनोन्महिने कोरडा खोकला असेल तर ब्लडप्रेशरची एनालाप्रिल, रामिप्रिलवाली गोळी चालू आहे का ते बघायचं. आणि श्वासातून स्टिरॉइड घेणाऱ्या माणसाला बुरशीवरचं इट्राकोनॅझोल किंवा एचआयव्हीवरचं रिटोनाविर सुरू होणार असेल तर पटकन आवाज द्यायचा, कारण फ्लुटिकासोन, ब्युडेसोनाइड मोडणारं एन्झाइमच ही औषधं अडवतात आणि पंपातलं एवढंसं स्टिरॉइडही अंगात साठून चेहरा सुजणं, साखर वाढणं इथपर्यंत जातं. थिओफायलिनवर असलेल्या पेशंटला सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक लिहिलंय का हे तर झोपेतही दिसायला हवं, त्यानेही थिओफायलिनची पातळी वर चढते.

आता पंपाकडे येते, आणि इथे मी थांबणार आहे जरा, कारण तुमचा निम्मा दिवस यातच जाणार.

पंप वापरायला येतो का असं विचारलं की सगळे हो म्हणतात. कधीच तोंडी विचारायचं नाही, 'दाखवा कसा घेता' म्हणायचं. १९७५ ते २०१४ या चाळीस वर्षांतले अभ्यास एकत्र करून बघितले गेले, त्यात पंप बरोबर घेणारे निघाले ३१ टक्के, आणि वाईट गोष्ट म्हणजे चाळीस वर्षांत यात सुधारणाच नाही. पंप बदलले, रंग बदलले, कंपन्या बदलल्या, पण माणसाला बसवून शिकवायला वेळ कोणाकडेच नव्हता. डॉक्टरांना दोष देत नाहीये, बाहेर रांग असते. ही जागा रिकामी आहे म्हणूनच आपण आहोत.

सगळ्यात मोठा घोळ दोन प्रकारच्या पंपांचा. दाबून फवारा येतो तो पंप असेल तर श्वास सावकाश ओढायचा, चार-पाच सेकंद, ओढायला सुरुवात केली की लगेच दाबायचं आणि मग दहा सेकंद धरून ठेवायचा. पावडरचा पंप असेल तर बरोबर उलटं, एकदम जोरात आणि खोल ओढायचं, कारण पावडर मोकळी करायला पेशंटचाच जोर लागतो, शिवाय त्यात फुंकर मारायची नाही, ओल गेली की पावडर चिकटते. आता एकाच पेशंटच्या हातात दोन्ही प्रकार दिले की काय होतं, तो दोन्ही एकाच पद्धतीने घेतो. फवारा जोरात ओढला तर औषध घशाच्या मागच्या भिंतीवर आपटतं आणि तिथेच राहतं, मग घसा बसतो, तोंडात पांढरे चट्टे येतात, आणि छातीत काही पोचत नाही. म्हणून शक्यतो सगळे पंप एकाच जातीचे असावेत असा हट्ट मी टीमकडे धरते. नवीन औषध चांगलं आहे हे कबूल, पण ते तिसऱ्याच प्रकारच्या उपकरणात येत असेल तर पेशंट गोंधळणार, ही किंमत कोणीतरी बोलून दाखवायला हवी ना.

कॅप्सूल घालून ओढायचे पंप असतात त्यात कॅप्सूल गिळणारे लोक असतात. हसू नका. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेला, म्हणजे एफडीएला, २००८ मध्ये यावर वेगळी सूचना काढावी लागली होती. चूक पेशंटची नाहीच, आयुष्यभर कॅप्सूल गिळलीये त्याने, हातात कॅप्सूल दिली आणि ही गिळायची नाही, पंपात घालून ओढायची म्हणून कोणी सांगितलं नाही.

फवाऱ्याच्या पंपाला स्पेसर, म्हणजे पुढे जोडायची प्लॅस्टिकची पोकळ नळी, लावला की दाबणं आणि ओढणं यांचा मेळ जमवायची कटकट बरीच संपते, लहान मुलं, म्हातारी माणसं, हात थरथरणारे, सगळ्यांसाठी उत्तम. पण लोक एकदम तीन-चार फवारे आत मारतात आणि मग ओढतात, तसं नाही, एका वेळी एकच फवारा. आणि धुतल्यावर फडक्याने पुसायचा नाही, प्लॅस्टिक घासलं की स्थिर वीज तयार होते आणि औषध आतल्या भिंतीला चिकटून बसतं, भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात बुडवून काढायचा आणि तसाच हवेवर वाळवायचा. मी स्वतः पहिली दोन वर्षं स्वच्छ पुसून ठेवा म्हणून सांगायचे, सिनियरने एकदा पेशंटसमोरच टोकलं तेव्हा कळलं.

पंप संपला की नाही हेही बघा. काउंटर नसलेला पंप औषध संपल्यावरही फुस्स फुस्स करत राहतो, आतला गॅस शिल्लक असतो, पेशंटला वाटतं चालू आहे. पाण्यात टाकून तरंगतो का बघायची जुनी युक्ती भरवशाची नाही. २०० फवाऱ्यांचा पंप, दिवसाला चार फवारे, म्हणजे ५० दिवस, ती तारीख मार्करने पंपावर लिहून द्यायची, झालं.

आणि एकदा शिकवलं की संपलं असं समजू नका. चार-सहा आठवड्यांत चुका परत येतात, हे सगळीकडे दिसलंय. म्हणून दर भेटीला दोन मिनिटं, 'दाखवा बरं' म्हणायचं. टोकताना मात्र चारचौघांत चूक काढायची नाही. मी आधी स्वतः करून दाखवते, मग त्यांना करायला लावते, एका वेळी एकच चूक दुरुस्त करते, बाकीच्या पुढच्या वेळी.

मोजणं हे दुसरं काम, दिसायला कारकुनी पण यानेच जीव वाचतात. दम्याचा माणूस किती आराम देणारे पंप, म्हणजे साल्ब्युटामॉलचे, घेऊन जातो ते रेकॉर्डमध्ये असतं आणि ते फक्त आपल्यालाच दिसतं. जागतिक दमा मार्गदर्शिका, जिला सगळे जीना म्हणतात, ती सांगते की वर्षाला तीन किंवा जास्त असे पंप लागत असतील तर अटॅकचा धोका वाढलेला आहे, आणि बारा किंवा जास्त लागत असतील तर मृत्यूचा. ब्रिटनमध्ये दम्याने झालेल्या १९५ मृत्यूंची एकेक करून तपासणी झाली, अहवाल २०१४ ला आला, त्यात आराम देणारा पंप वापरणाऱ्यांपैकी ३९ टक्के लोकांना मरणाआधीच्या वर्षात १२ पेक्षा जास्त पंप लिहून दिलेले होते. म्हणजे प्रत्येक पंप कोणीतरी लिहिला होता, कोणीतरी काउंटरवरून दिला होता आणि थांबून मोजलं मात्र कोणीच नाही. काउंटरच्या आतल्या बाजूला उभी असल्यामुळे हे वाचून मला कित्येक दिवस अस्वस्थ वाटत होतं.

त्याच्या मागचं कारण समजून घ्या म्हणजे पेशंटला सांगता येतं. साल्ब्युटामॉल आवळलेली नळी उघडतो, पण आतली सूज तशीच ठेवतो. पाच मिनिटांत बरं वाटतं म्हणून माणसाचा जीव त्याच पंपावर, आणि स्टिरॉइडचा पंप, जो खरं काम करतो, तो लगेच काही जाणवत नाही म्हणून कपाटात. २०१९ पासून जीनाने मोठ्या माणसांना आणि किशोरवयीन मुलांना नुसतं साल्ब्युटामॉल देणं थांबवायला सांगितलंय, त्याऐवजी कमी डोसचं स्टिरॉइड आणि नळी उघडणारं फॉरमोटेरॉल एकत्र असलेला पंपच आरामासाठीही वापरता येतो, म्हणजे धाप लागली की आपोआप सूज कमी करणारं औषधही जातं. स्टिरॉइड हा शब्द ऐकून लोक घाबरतात, तेव्हा मी सांगते की पंपात मायक्रोग्रॅम असतं आणि गोळीत मिलिग्रॅम, आणि पंप टाळून अटॅक आला की तीच गोळी पाच-सात दिवस घ्यावी लागते, आता तुम्हीच ठरवा कुठलं स्टिरॉइड जास्त झालं. बहुतेकांना पटतं. घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंकायचं हे सांगायला विसरू नका.

हे सगळं कुठे जमलंय का, तर जमलंय. फिनलंडने १९९४ ते २००४ असा दहा वर्षांचा राष्ट्रीय दमा कार्यक्रम चालवला, त्यात फार्मसींमध्ये दम्यासाठी ठरलेली माणसं नेमली, डॉक्टर-नर्सबरोबर त्यांनाही शिकवलं, आणि त्या काळात दम्यासाठी हॉस्पिटलमध्ये काढावे लागणारे दिवस निम्म्याहून खाली आले. श्रेय एकट्या फार्मासिस्टचं नाही, पूर्ण टीमचं आहे. बेल्जियममध्ये सीओपीडीवर १७० फार्मसींत ७३४ पेशंट घेऊन चाचणी झाली, फार्मासिस्टने दोनदा बसून समजावलं, तीन महिन्यांत पंप घेण्याची पद्धतही सुधारली आणि औषध नियमित घेणंही वाढलं. दोनच बैठका, बघा.

आता रात्रीकडे. इथे फार्मासिस्टची गरज किती आहे हे झोपेच्या टीमलाही अजून नीट उमगलेलं नाही असं माझं मत आहे, कारण स्लीप स्टडी, सीपॅप म्हणजे हवेच्या दाबाने घशाची वाट उघडी ठेवणारं मशीन, त्याचा मास्क हे सगळं टेक्निशियनकडे, आणि औषध म्हटलं की 'सीपॅपला कुठे औषध लागतं' असं उत्तर येतं.

पण झोप येत नाही म्हणून माणूस आधी येतो कुठे? औषधाच्या काउंटरवर. आणि मागतो झोपेची गोळी. त्याला तीन प्रश्न विचारायचे, घोरता का, झोपेत श्वास थांबल्याचं घरच्यांनी कधी सांगितलंय का, दिवसा बसल्या बसल्या डोळा लागतो का. ब्लडप्रेशरच्या दोन-तीन गोळ्या चालू असून ते आटोक्यात येत नसेल, मान जाड असेल, तर स्लीप ॲप्नियाची, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याच्या आजाराची, शंका आणखी पक्की. स्टॉप-बँग नावाची आठ प्रश्नांची यादी आहे, दोन मिनिटांत होते, तीच वापरा. झोपेत घशाची वाट वारंवार बंद होणाऱ्या माणसाला गुंगीची गोळी दिली की घशाचे स्नायू आणखी ढिले पडू शकतात आणि जाग येऊन श्वास परत सुरू व्हायला उशीर होतो, सगळ्यांत नाही होत पण कोणात होईल हे काउंटरवर कळत नाही. म्हणून आधी तपासणी. आणि खरोखरच नुसता निद्रानाश असेल तरी पहिला उपाय गोळी नाहीये, निद्रानाशासाठीची वर्तणूक उपचारपद्धती आहे, झोपायच्या वेळा आखणं, अंथरुणात जागं पडून न राहणं वगैरे, हे मार्गदर्शिका कित्येक वर्षं सांगतायत.

पिशवीतल्या रात्रीच्या औषधांची बेरीज करायला शिका. एकेकटी निरुपद्रवी दिसतात. कंबरेसाठी ट्रामाडॉल, पायाच्या जळजळीसाठी प्रीगाबालिन, मन अस्वस्थ म्हणून क्लोनाझेपाम, सर्दीसाठी क्लोरफेनिरामिन, चार डॉक्टरांनी चार चांगल्या कारणांनी दिलेली आणि रात्री दहाला चारही एकत्र पोटात. एफडीएने २०१६ ला ट्रामाडॉलसारखी ओपिऑइड आणि क्लोनाझेपामसारखी बेन्झोडायझेपिन एकत्र देण्यावर सगळ्यात कडक चौकटीतला इशारा टाकला, २०१९ च्या डिसेंबरमध्ये गॅबापेंटिन-प्रीगाबालिनबद्दल सीओपीडीच्या आणि वयस्कर लोकांसाठी श्वास मंदावण्याचा इशारा दिला. झोल्पिडेम या झोपेच्या गोळीचं तर काय सांगावं, २०१३ मध्ये बायकांसाठी साध्या गोळीचा डोस १० वरून ५ मिलिग्रॅम करायला लावला कारण सकाळी गाडी चालवताना औषध रक्तात शिल्लक असायचं, आणि २०१९ मध्ये झोपेत चालणं, झोपेत गाडी काढणं यासाठी चौकटीतला इशारा आला. तरी मला पन्नाशीच्या बाई भेटतात ज्या सहा वर्षं रोज १० घेतायत. अशी गोळी एका दिवसात तोडायची नसते, हळूहळू उतरवायची, आठवडे-महिने लागतात, त्याचं वेळापत्रक आखून डॉक्टरांपुढे ठेवणं हे खास आपलं काम.

काही औषधं झोप आणत नाहीत, उडवतात, आणि छातीवाल्या पेशंटच्या पिशवीत ती भरपूर असतात. प्रेडनिसोलोन रात्री घेतलं तर माणूस पहाटेपर्यंत छताकडे बघत पडतो, सकाळी नाश्त्यानंतर घ्यायला सांगा. लघवीची गोळी संध्याकाळी असेल तर झोप मोडते ती गोळीमुळे. निकोटिनचा पॅच रात्रभर ठेवून भलभलती स्वप्नं पडत असतील तर झोपताना काढून बघायचा. दमा-ॲलर्जीची मॉन्टेलुकास्ट ही गोळी मात्र गंभीरपणे घ्या, एफडीएने २०२० च्या मार्चमध्ये त्याच्या मानसिक परिणामांबद्दल चौकटीतला इशारा दिला, भयानक स्वप्नं, चिडचिड, उदासी, आत्महत्येचे विचारसुद्धा. एका आईने मला सांगितलं होतं की मुलगा दोन महिने रात्री किंचाळत उठतो, शाळेतला ताण असेल असं सगळ्यांना वाटलं, गोळी कधी सुरू झाली विचारलं तर अडीच महिन्यांपूर्वी. डॉक्टरांनी बंद केली, आठवड्याभरात मुलगा शांत झोपायला लागला. प्रत्येकाला होत नाही, पण हे औषध देताना 'स्वभावात, झोपेत काही बदल वाटला तर लगेच सांगा' एवढं न बोलता देऊ नका.

सीपॅपबद्दल. कॉलिन सलिव्हन यांनी सिडनीत हे मशीन करून १९८१ मध्ये पाच पेशंटवरचा अनुभव छापला, तेव्हापासून आजपर्यंत मशीन कुठल्या कुठे गेलं पण मुख्य अडचण तीच, लोक लावत नाहीत. नियमित वापर म्हणजे रात्री किमान चार तास असं साधारण धरतात, तिथपर्यंतही बरेच जण पोचत नाहीत. आणि कारण विचारलं तर पुष्कळदा निघतं नाक. नाक चोंदलेलं असलं की हवा तोंडातून जाते, तोंड कोरडं पडतं, मास्क गळतो, माणूस वैतागून काढून ठेवतो. मग कोणीतरी चोंदलेलं नाक उघडणारा झायलोमेटाझोलिनचा स्प्रे सुचवतो, पहिले चार दिवस जादू, पुढे त्याच स्प्रेने नाक उलट जास्त चोंदायला लागतं. तो आठवड्याच्या आत बंद, त्याऐवजी मिठाच्या पाण्याने नाक धुणं, स्टिरॉइडचा नाकाचा स्प्रे, आणि तोही बरोबर मारायला शिकवायचा, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, स्प्रेचं टोक बाहेरच्या बाजूला कानाकडे, मधल्या पडद्यावर नाही, नाहीतर रक्त येतं. मशीनचा हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर चालू आहे का हे टेक्निशियनला विचारा. ऑक्सिजनवाल्या पेशंटला ओठांना व्हॅसलीनसारखं काही लावू नका, पाण्यावर आधारित मलम वापरा, तेलकट पदार्थ आणि ऑक्सिजन एकत्र आले की आगीचा धोका असतो. घरी कायम घ्यायला सांगितलेला ऑक्सिजन दिवसाला किमान १५ तास लागतो, धाप लागली तेवढ्यापुरता दहा मिनिटं नाही, हेही पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

सीपॅप नीट लावूनही दिवसा पेंग येत असेल तर जागं ठेवणारं मोडाफिनिल देतात, तेव्हा तरुण बाई असेल तर गर्भनिरोधक गोळी चालू आहे का हे विचारणारं टीममध्ये दुसरं कोणी नसतं. मोडाफिनिल त्या गोळीचा असर कमी करतं, औषध बंद केल्यावरही एक महिना. २०२४ च्या डिसेंबरमध्ये टिर्झेपॅटाइड हे वजन उतरवणारं इंजेक्शन लठ्ठपणासोबतच्या मध्यम ते तीव्र स्लीप ॲप्नियासाठी एफडीएने मंजूर केलं, त्यातही सुरुवातीला आणि दर डोस वाढवताना चार आठवडे तोंडी गर्भनिरोधकावर भरवसा ठेवू नका असं लेबलवरच लिहिलंय. आणि वजन उतरतंय म्हणून मशीन स्वतःच्या मनाने बंद करू नका, पुन्हा तपासणी होऊ दे, हेही सांगायचं.

रात्री पाय अस्वस्थ होतात, सारखे हलवावेसे वाटतात म्हणून झोप लागत नाही असं कोणी म्हणालं तर आधी पिशवीत बघा, उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड, जुन्या पद्धतीच्या ॲलर्जीच्या गोळ्या, काही डिप्रेशनची औषधं यांनी ते वाढतं, आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासलंय का ते डॉक्टरांना विचारा, ७५ मायक्रोग्रॅम प्रति लिटर किंवा खाली असेल तर लोहाचाच विचार आधी होतो.

आता टीममध्ये राहायचं कसं. पहिल्या वर्षी मी राउंडवर प्रत्येक चिठ्ठीतल्या अकरा चुका काढायचे आणि कोणीच ऐकायचं नाही, साहजिक आहे. नंतर एका सिनियर नर्सने सांगितलं, एका पेशंटमागे एकच गोष्ट बोल आणि उपाय सोबत घेऊन बोल. 'थिओफायलिनमध्ये प्रॉब्लेम आहे' असं नाही, 'यांनी मंगळवारी सिगरेट सोडली, डोस इतका करूया का आणि सोमवारी पातळी बघूया का' असं. केस पेपरवर तारीख घालून लिहायचं, कारण रात्रपाळीचा डॉक्टर तुम्हाला ओळखत नाही, त्याला कागदच दिसतो. फिजिओशी दोस्ती करा, व्यायामाआधी पंप घेतला की पेशंट जास्त चालतो आणि पंप चुकीचा घेतोय हे पुष्कळदा सगळ्यात आधी फिजिओलाच दिसतं. आपण निदान करायचं नाही, मनाने औषध बंद करायचं नाही. पण शंका आली की गप्पही बसायचं नाही, डॉक्टर वैतागले तर वैतागले.

पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी करा. एक रात्र स्लीप लॅबमध्ये टेक्निशियनशेजारी बसून काढा, स्क्रीनवर श्वासाची रेघ चाळीस सेकंद सपाट राहते आणि शेजारी ऑक्सिजनचा आकडा उतरत जातो हे एकदा डोळ्यांनी बघितलं की झोपेची गोळी हातात घेताना तुमचा हात आपोआप थांबेल. आणि औषध नसलेले सरावाचे पंप मिळतात, विभागात जेवढे प्रकार चालतात ते सगळे एका डब्यात जमवा, प्रत्येक पेशंटला माउथपीस वेगळा ठेवा, आणि आरशासमोर उभं राहून प्रत्येक पंप आधी स्वतः घेऊन बघा. मला दोन जमत नव्हते.